जालन्याच्या पेठेत त्या दिवशी काय शिजलं होतं?

इसवी सन १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने जालनापूरची पेठ लुटली. त्या मोहिमेविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. औरंगाबादेत शहजादा मुअज्जम असताना तिथून जेमतेम चाळीस मैलांवरची पेठ कशी गाठली, परतीच्या वाटेवर मोगलांनी कसं गाठलं, सिधोजी निंबाळकर कसे पडले आणि हेर बहिर्जीने आडवाटांनी पट्टा किल्ल्यापर्यंत कसं नेलं, हे कादंबरीकाराला एका दुपारच्या वाचनात कळतं. त्याच पेठेतल्या एका कापडवाल्याच्या घरात त्या सकाळी चूल कशी पेटली, भाकरीबरोबर काय होतं, घरातली रोकड कुठे पुरलेली होती, बाळंतीण कुठल्या खोलीत होती आणि ओरडा ऐकू आल्यावर त्या घराने वेळ कसा मोजला, हे शोधायला मात्र वर्षं लागतात. माझ्या मते कादंबरी उभी राहते ती या दुसऱ्या प्रकारच्या माहितीवर. म्हणून सतराव्या शतकातलं जालना परिसराचं रोजचं जगणं शोधायचं झालं तर हाताशी काय आहे आणि त्यातल्या कशावर किती भरवसा ठेवावा, याचा हा आढावा.

याच शतकातल्या लंडनवर लिहिणाऱ्या इंग्रज कादंबरीकाराकडे काय असतं ते आधी पाहू. त्याच्याकडे सॅम्युअल पीप्सची १६६० ते १६६९ ची रोजनिशी असते. पहिल्यांदा चहा प्यायल्याची नोंद तिच्यात आहे आणि १६६६ च्या आगीत जमिनीत पुरून ठेवलेल्या चीजचीही आहे. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता. १६७४ पासून ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तांत छापून निघू लागले. शिवाय माणूस मेला की वारसाहक्कासाठी त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी व्हायची, तिच्यात कढया, गाद्या, खुर्च्या, बादल्या सगळं किंमतीसह यायचं. गरिबांच्या घरांच्या अशा याद्या फारशा झाल्या नाहीत, हे तिथलेही अभ्यासक सांगतात. तरी एखाद्या मध्यम दुकानदाराचं स्वयंपाकघर तिथे कागदावर उभं करता येतं.

आपल्याकडे पीप्स नाही. मध्यम घरातल्या भांड्यांची किंमतवार यादी करण्याची सक्तीही नव्हती. पण यावरून आपल्याकडे काहीच नाही असं समजणं घाईचं होईल. आपल्याकडचं रोजचं जगणं दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कागदांत सांडलेलं आहे. वतनाच्या भांडणात, घोडेस्वारांच्या हजेरीत, दुष्काळाच्या वर्णनात, संताच्या आत्मकथनात, परदेशी जवाहिऱ्याच्या मुक्कामांच्या यादीत ते सापडतं. वेचून घ्यावं लागतं, इतकंच.

बखरीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक लेखक तिथेच सुरू करतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांसाठी जिंजीला लिहिलेली बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे जालन्याच्या घटनेनंतर वीसेक वर्षांच्या आतली आहे. लूट चार दिवस चालली, असं ती सांगते. हाती लागलेल्या सोन्या-रुप्याबरोबर ती कापडाचा आणि जनावरांचाही उल्लेख करते, आणि कादंबरीकाराच्या दृष्टीने मोलाचे शब्द हेच. जालना ही कापडाची आणि सराफीची पेठ होती. एका सधन मुसलमान विणकराने गावाला जालना हे नाव दिलं अशी एक आख्यायिका गॅझेटिअरने नोंदवली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, गावाला आपली ओळख विणकराशी जोडावीशी वाटली ही गोष्ट खरीच आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही तोंडी आहे.

दुसरी बाजू मोगल इतिहासकार खाफीखानाची. त्याने आपला इतिहास अठराव्या शतकात, घटनेला पन्नास वर्षं होत आली तेव्हा पुरा केला. व्यापाऱ्यांनी आपली चीजवस्त जान मुहम्मद या फकिराच्या तकियात, म्हणजे मठात, नेऊन ठेवली, कारण साधुसंतांच्या जागेला महाराजांची फौज हात लावत नाही हे सर्वांना ठाऊक होतं. यावेळी मात्र तिथेही लूट झाली, फकिराने शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराजांचं निधन झालं, असं तो सांगतो. शापाचा भाग मोगली दरबाराला आवडेल असाच आहे, तो बाजूला ठेवावा. पण संकटात पेठ कशी वागते याची ही नोंद फार बोलकी आहे. हिंदू व्यापारी, मुसलमान फकीर आणि मराठ्यांच्या नीतीवर दोघांचाही असलेला विश्वास, हे सगळं या एका प्रसंगात एकत्र येतं. जान अल्ला शाहांचा दर्गा जालन्यात आजही आहे. कादंबरीकाराने तिथे जावं, तिथून कुंडलिका नदीचं पात्र किती लांब आहे ते पायी चालून बघावं. पेठेतून गाठोडं डोक्यावर घेऊन धावणाऱ्या माणसाला किती वेळ लागला असेल, हे कुठल्याच बखरीत सापडणार नाही.

गावाचा सांगाडा त्याहून जुना आहे. काळी मशीद १५७८ ची, निजामशाहीच्या काळातली. ती बांधणाऱ्या जमशेदखानाने तिच्याजवळ हमाम आणि सराई उभारली, मोती तलाव बांधला आणि तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत आणलं. म्हणजे १६७९ च्या जालन्यात पाणी भरण्याचं दृश्य लिहायचं तर सगळ्या बायकांना नदीवरच पाठवायचं कारण नाही. हौदावर कोणाला भरू देत आणि कोणाला नाही, हा प्रश्न मात्र लेखकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. जातीची उतरंड पाण्यापाशी सगळ्यांत उघडी पडते, आणि आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या पाणवठ्यांवर ती फार क्वचित दिसते. जालन्याचा किल्ला कथेत घ्यायचा मोह मात्र टाळावा. तो हैदराबादच्या निजाम आसफजाहच्या काळातला, १७२५ चा आहे.

आता अशा साधनाकडे वळतो ज्याकडे मराठी लेखक सहसा फिरकत नाहीत. जालना हा भाग शतकाचा बराच काळ मोगलांच्या किंवा मोगल-निजामशाही झगड्याच्या छायेत होता. जालन्याजवळच्या रोषणगावला १६१६ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरचा पराभव झाला. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि मग निजामशाही संपली. त्यामुळे इथल्या सरकारी कागदांची भाषा फारसी आहे आणि त्यांतले पुष्कळसे आज हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातल्या दख्खनच्या कारभाराचे हे कागद दीड लाखाच्या घरात जातात. डॉ. युसूफ हुसेन खान यांनी त्यांतले निवडक कागद १९५० च्या आसपास छापले. त्यांत ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाचा एक प्रकार आहे. तो वाचला की कादंबरीकाराच्या अंगावर काटा यावा.

मनसबदाराने ठरलेली शिबंदी खरोखर ठेवली आहे की उसने स्वार उभे केले आहेत, हे तपासायला प्रत्येक स्वाराचं वर्णन लिहून ठेवत. नाव, बापाचं नाव, जात किंवा वंश, गाव, वय, रंग, कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की सुट्या, तीळ कुठे, देवीचे व्रण आहेत का, जखमेची खूण कुठल्या गालावर आणि घोड्याच्या कुठल्या पायावर डाग, असं सगळं त्यात येई. हिशेबनिसाला त्यात सौंदर्य दिसत नव्हतं, त्याला फक्त फसवणूक टाळायची होती. त्यामुळेच हे वर्णन खरं आहे. आपल्या कादंबऱ्यांतले स्वार सगळे पिळदार आणि भरघोस मिशांचे असतात. या कागदांतले स्वार देवीच्या व्रणांचे, कापलेल्या कानाचे, वयाने थकत चाललेलेही आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसाचा चेहरा इतक्या जवळून दाखवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

फारसी न येणाऱ्या मराठी लेखकावर सेतुमाधवराव पगडी यांचे फार मोठे उपकार आहेत. निलंग्यात जन्मलेला आणि हैदराबाद संस्थानाच्या सेवेत राहिलेला हा माणूस. त्यांनी भीमसेन सक्सेनाचा ‘तारीख-ए-दिलकुशा’, साकी मुस्तैदखानाचा इतिहास आणि मोगल दरबारची बातमीपत्रं मराठीत आणली. यांतला भीमसेन आपल्या कामाचा. १६४९ ला बुऱ्हाणपुरात जन्मलेला हा कायस्थ कारकून; बाप तोफखान्याच्या हिशेबावर, बालपण औरंगाबादेत. त्याला लढायांपेक्षा रस्ते, देवळं, मित्रांच्या मेजवान्या आणि धान्याचे भाव यांत जास्त रस आहे. १६५८ च्या सुमारास औरंगाबादेत रुपयाला अडीच मण गहू आणि डाळ, साडेतीन मण ज्वारी-बाजरी, अर्धा मण गूळ आणि चार शेर तूप मिळत होतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मण ठिकाणागणिक बदलतो, आणि म्हातारपणी लिहिणाऱ्याला लहानपणची स्वस्ताई आठवते, हे ध्यानात ठेवून हे आकडे घ्यावेत. त्यांतलं प्रमाण मात्र उपयोगाचं आहे. गव्हाच्या पैशात जवळजवळ दीडपट जोंधळा येत होता. जालन्याच्या पेठेत कोण पोळी खात होतं आणि कोण भाकरी, याचं उत्तर या प्रमाणात आहे.

भाकरीबरोबर काय, हा प्रश्न त्याहून अवघड. टोमॅटो, बटाटा, फुलकोबी ही नावं कथेत नकोतच. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा कूट यांची घरोघरची सवय फार अलीकडची, आणि चहाची तर त्याहूनही. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात आली. पण म्हणून १६७९ च्या जालन्यात प्रत्येक घरात लाल तिखटाची बरणी होती असं धरणं धोक्याचं आहे. माझा सल्ला असा, की तिखटपणासाठी मिरे, आलं, सुंठ, पिंपळी, मोहरी आणि लसूण यांवर भागवावं. जवसाची आणि तिळाची चटणी, करडईचं तेल, अंबाडीची भाजी, चाकवत, चुका, हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं, ताक, चिंच, गूळ, एवढ्यात मराठवाड्याचं ताट भरतं. तंबाखू आणि चिलीम मात्र हवीच. शतकाच्या आरंभीच विजापुराहून अकबराच्या दरबारात तंबाखू गेली होती आणि १६७० च्या दशकापर्यंत ती साध्या शिपायाच्या हातात पोचली होती.

हे शेवटचं विधान ज्या पत्रावरून करतो आहे, त्याविषयी थोडं अधिक लिहायला हवं. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला त्यातली रयतेची काळजी शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तेच पत्र रोजच्या जगण्याचा खजिना म्हणूनही वाचता येतं. पावसाळ्याआधी साठवलेलं गवत, त्याच्याजवळच चूल मांडणारे शिपाई, चिलीम ओढणारे, रात्री दिवा तसाच तेवत ठेवणारे, जळती वात पळवणारा उंदीर आणि मग पेटणारी छावणी, हे सगळं त्यात आहे. दाणावैरण आताच उधळली तर पुढे जनावरं मरतील आणि शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, हेही आहे. उंदराच्या तोंडातली वात ज्याला दिसते त्या राजाला आपल्या माणसांच्या रात्री ठाऊक होत्या. माझ्या दृष्टीने मराठी गद्यातला सतराव्या शतकातला हा सर्वांत जिवंत उतारा आहे, आणि तो एका प्रशासकीय आदेशात आहे.

चूल पेटवतानाही काळाचं भान हवं. काडेपेटी एकोणिसाव्या शतकातली. तोवर चकमक, कापूस आणि राखेखाली जपून ठेवलेला निखारा. निखारा विझला तर शेजारणीकडे विस्तव मागायला जायचं. कादंबरीकाराला दोन बायकांना एकत्र आणायला याहून साधं निमित्त दुसरं नाही.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, आजच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचा. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधर. म्हणजे या जिल्ह्याला सतराव्या शतकाचा एक प्रथम दर्जाचा साक्षीदार लाभलेला आहे. दासबोध आपण परमार्थासाठी वाचतो. कादंबरीकाराने तो वेगळ्या डोळ्यांनी वाचून पाहावा. एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं घोटीव असावं, ओळी आणि समास कसे राखावेत, शाई, कागद आणि लेखण्या कशा सिद्ध कराव्यात, असं कुलकर्ण्याच्या घरात वाढलेल्या माणसाचं तपशीलवार ज्ञान त्यात आहे. दौलताबादजवळ कागजीपुऱ्याला हातकागद होत होता हे त्याला जोडलं, की जालना भागातल्या एखाद्या कारकुनाच्या फडाचं दृश्य पुराव्यासह लिहिता येतं. समर्थांनी बागेत लावायच्या झाडांवर आणि बांधकामावरही स्वतंत्र प्रकरणं लिहिली आहेत. आणि अस्मानी-सुलतानीवरची त्यांची कवनं म्हणजे १६३० नंतरच्या वर्षांचा हंबरडा आहे.

तो दुष्काळ समजून घेतल्याशिवाय या शतकात पाऊल टाकू नये. १६३० ला पाऊस गेला. त्याच सुमारास शहाजहान बुऱ्हाणपुरात येऊन बसला होता आणि खानजहान लोदीच्या बंडामागे त्याच्या फौजा बीड-धारूरपर्यंत उतरल्या होत्या. शेतात काही नाही आणि जे होतं ते फौजेने नेलं, अशी दुहेरी मार या भागावर पडली. मोगल दरबाराचा अधिकृत इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीसुद्धा लिहितो, की हाडांची पूड पिठात मिसळून विकली गेली आणि बकऱ्याचं मांस म्हणून कुत्र्याचं मांस विकलं गेलं. बादशहाची स्तुती करण्यासाठी नेमलेला माणूस हे लिहितो, म्हणून त्याचं वजन जास्त. इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्याच वर्षी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला होता. वाटेवरच्या ओस गावांचं आणि प्रेतांचं त्याने केलेलं वर्णन जालन्याचं नसलं तरी त्याच दुष्काळाचं आहे. १६७९ ला पन्नाशी ओलांडलेलं प्रत्येक माणूस बालपणी या दुष्काळातून वाचलेलं होतं. धान्य जपण्याची त्यांची रीत, अंगणातलं पेव, भिंतीतलं बळद, मूठभर जोंधळा कधी सांडू न देणारी आजी, हे सगळं तिथून येतं. पात्राला असा भूतकाळ मिळाला की ते आपोआप वेगळं वागू लागतं.

समर्थांच्या चरित्रसाधनांबाबत मात्र सावध राहावं. हनुमंतस्वामींची बखर रसाळ आहे, पण ती समर्थांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आकाराला आली. तिच्यातलं घर, लग्नमंडप, जेवणावळ हे पेशवाईतल्या लेखकाच्या डोळ्यांसमोरचं आहे. लग्नमंडपातून पळालेले बाल समर्थ लिहिताना ही मेख विसरली, तर सतराव्या शतकात नकळत अठरावं शिरतं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी बाडं शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्यभर फिरून जमवली. मुळाकडे जायचं असेल तर वाट तिकडे जाते.

बायकांचं जगणं पुरुषांच्या कागदात फार थोडं येतं. म्हणून संत बहिणाबाईंचं आत्मनिवेदन अनमोल ठरतं. त्या १६२८ च्या, वेरूळजवळच्या देवगाव रंगारीच्या. हे गाव जालना जिल्ह्यात नाही, पण मुलूख, बोली आणि काळ तोच. घर कुलकर्ण्याचं. कोवळ्या वयात कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न, देण्याघेण्याच्या कचाट्यात सापडलेल्या घराने रातोरात सोडलेलं गाव, भिक्षा मागत केलेला कोल्हापूरपर्यंतचा प्रवास, कालवडीचा लळा, कीर्तनाला गेल्यावरून नवऱ्याने केलेली मारहाण आणि शूद्र तुकोबांना गुरू मानल्याबद्दलचा घरातला संताप, हे सगळं त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं आहे. सतराव्या शतकातल्या मराठी बाईने स्वतःविषयी इतकं थेट बोलावं आणि आपण ते फक्त भक्तिसाहित्य म्हणून फडताळात ठेवावं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या स्त्रिया बहुतांशी ओवाळतात नाहीतर वाट बघतात. बहिणाबाई चालतात, मार खातात, वाद घालतात आणि लिहितात.

परदेशी प्रवाशांचा उपयोग मर्यादित, पण नेमका आहे. फ्रेंच जवाहिरा तावर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याच्या वाटेवरचे मुक्काम एकामागून एक सांगतो. औरंगाबादच्या पुढे त्याने लिहिलेल्या नावांत अंबड आणि आष्टी ओळखू येतात, म्हणजे हिऱ्यांची ही वाट आजच्या जालना जिल्ह्यातून जात होती. बंजाऱ्यांच्या हजारो बैलांच्या तांड्यांचं, ते समोरून आले की तासन्‌तास वाट अडून राहण्याचं वर्णन त्याने केलं आहे. तांड्यांची वस्ती आजही जिल्ह्यात जागोजाग आहे, पण मराठी ऐतिहासिक कादंबरीत हा समाज जवळजवळ नाहीच. फौजेला आणि पेठेला धान्य पुरवणारा माणूस ज्या कादंबरीत नाही, तिच्यातली फौज काय खाऊन लढते, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा. दुसरा फ्रेंच प्रवासी तेवेनो १६६७ मध्ये याच बाजूने गेला, पण त्याचं लक्ष वेरूळच्या लेण्यांकडे अधिक.

वतनाच्या भांडणांचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, हा आपल्याकडचा ओल्ड बेली. गोतसभा बसायची, दोन्ही पक्षांचे करीणे वाचले जायचे, साक्षी व्हायच्या आणि शेवटी गावातले पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार खुणा करायचे. पाटलाचा नांगर, बाकीच्यांची आपापल्या धंद्याची हत्यारं, अशा या निशाण्या. निकाल लागेना तर दिव्य करायचं, म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात बांधून काही दिवसांनी पाहायचं. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या ग्रंथात अशा महजरांचा पद्धतशीर अभ्यास केला. पाटीलकीसाठी भावाने भावाचा खून केल्याच्या, दुष्काळात वतन विकल्याच्या, परागंदा झालेला वारस वीस वर्षांनी परतल्याच्या हकिकती यांत भरलेल्या असतात. अशी कथानकं ज्या भाषेत आयती पडून आहेत, त्या भाषेतल्या लेखकाने कथानकासाठी सिनेमाकडे बघायचं कारण नाही. शिवाय पात्रांची नावंही इथेच मिळतात. सतराव्या शतकातल्या कुणब्याचं नाव आज कानाला गोड वाटेल असं ठेवू नये, महजरातलं घ्यावं.

वस्तूंच्या नावांसाठी राज्याभिषेकाच्या सुमारास सिद्ध झालेला राजव्यवहारकोश हाताशी हवा. त्याचा हेतू फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा होता. कादंबरीकाराला मात्र तो त्या काळी काय काय अस्तित्वात होतं याची यादी म्हणून लागतो. दहा वर्गांपैकी भोग्यवर्गात खाण्यापिण्याच्या आणि चैनीच्या गोष्टी येतात, पण्यवर्गात बाजार येतो. संवादांच्या भाषेचा प्रश्नही इथेच येतो. इतिहासकार राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले, तेव्हा १६२८ च्या पत्रात शेकडा ऐंशीहून अधिक शब्द फारसी निघाले आणि १६७७ च्या पत्रात चाळीसच्या आत. हे दफ्तरी भाषेचं मोजमाप आहे, चुलीजवळच्या बोलीचं नव्हे. तरी जालन्याच्या सराफाच्या तोंडी निर्मळ संस्कृतप्रचुर मराठी घालणं चूकच.

घरांबद्दल एक गोष्ट विशेष सांगायची आहे. पडद्यावर आणि मुखपृष्ठांवर सतराव्या शतकातलं मराठी घर म्हणजे कोकणी उतरत्या छपराचं किंवा पुणेरी चौसोपी वाड्याचं दिसतं. मराठवाड्याचं घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात झोपणं माळवदावर, मिरच्या नव्हे पण डाळी आणि सांडगे वाळवणं माळवदावर, आणि गावात दंगा झाला तर पळून जाण्याची वाटही एका माळवदावरून दुसऱ्यावर. १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटिअरात या भागातली घरं, पिकं, कपडे आणि कारागीर यांची वर्णनं आहेत. दोनशे वर्षांनंतरच्या पुस्तकावरून मागे जाताना प्रत्येक तपशिलाला विचारावं लागतं, की हा बदलायला काही कारण घडलं होतं का? जोंधळ्याची कापणी फारशी बदललेली नसेल. पगडीची बांधणी नक्की बदलली.

संग्रहालयांबाबतही तेच. पुण्याच्या दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कलमदानं, स्वयंपाकाची भांडी पाहताना मन भरून येतं, पण त्यांतल्या बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या आहेत. सतराव्या शतकातले पोशाख बघायचे तर दख्खनी लघुचित्रं आणि डच संग्रहांतली त्या काळची चित्रं बरी. पण त्यांत दरबारी माणसं जास्त, कुणबी आणि कोष्टी फार कमी.

पुरातत्त्वाकडून आपल्याला फार काही मिळालेलं नाही, याची खंत आहे. याच जिल्ह्यात भोकरदनला १९७३ मध्ये देव आणि गुप्ते यांनी उत्खनन केलं, आणि सातवाहनकालीन भोगवर्धनातले मणी, खापरं, हस्तिदंती मूर्ती हाती आल्या. त्यामुळे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भोकरदनकराच्या घरातल्या वस्तू आपण हातात घेऊ शकतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जालनेकराची मडकी मात्र आपल्याला नीट दाखवता येत नाहीत, कारण तो थर वरचा, वस्तीखालचा, आणि उत्खनन करणाऱ्याचं लक्ष खोलात असतं. जुन्या पेठेत नवं बांधकाम निघतं तेव्हा पायाच्या मातीतून जे येतं, ते ट्रॅक्टरात भरून गावाबाहेर जातं. बियाणं, पोलाद आणि मोसंबी यांनी ओळखल्या जाणाऱ्या या श्रीमंत शहरात त्या मातीवर नजर ठेवणारं कुणीतरी असायला हवं.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी आहे. गुंजीकरांचं ‘मोचनगड’ १८७१ चं. पुढे हरिभाऊ आपट्यांचं ‘उषःकाल’ आणि १९६८ चं रणजित देसाईंचं ‘श्रीमान योगी’. ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात त्यांनी लेखकासमोर साधनांची आणि व्यक्तिरेखेची इतकी कठोर चर्चा केली, की ती आजही स्वतंत्रपणे वाचावी. मराठवाड्यातल्या एका अध्यापकाने ते काम केलं याचा मला अभिमान वाटतो. पण त्या चर्चेचा केंद्रबिंदू राजा होता. पेठ, तांडा, मोट, माळवद यांच्याबद्दल तशीच कठोर चर्चा अजून व्हायची आहे, आणि ती करायला लागणारी कौशल्यं दोनच, मोडी आणि फारसी. मोडीचे वर्ग आता अनेक ठिकाणी चालतात. फारसीचं शिक्षण मात्र मराठवाड्यात झपाट्याने आटत चाललं आहे. पूर्वी गावात एखादा म्हातारा हैदराबादी काळातले कागद उलगडून वाचून दाखवायचा, ती पिढी संपत आली.

तोवर लेखकाने निदान एवढं करावं. घनसावंगी, अंबड, परतूर, भोकरदन या भागांतल्या जुन्या देशमुख-देशपांडे-कुलकर्णी घराण्यांत रुमालात बांधलेली दप्तरं अजून असतात. ती विकत मागू नयेत, घरातल्यांच्या समोर बसून छायाचित्रं घ्यावीत आणि एक प्रत त्या घरालाच द्यावी. तारीख वाचताना शक, हिजरी, फसली आणि मृगापासून सुरू होणारं शुहूर सन यांतलं कुठलं आहे ते आधी ठरवावं, नाहीतर पाऊस चुकीच्या महिन्यात पडतो. हैदराबादेतल्या अर्ज-ओ-चेहऱ्यांमधून या परगण्यांतले स्वार वेगळे काढून मराठीत आणायचं काम एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावं. त्या याद्यांमध्ये अंबडचा, जाफराबादचा, जालनापूरचा माणूस आपल्या बापाच्या नावासकट, गालावरच्या व्रणासकट नोंदलेला असण्याची शक्यता मोठी आहे.